दुखरी बाजू

लालबाग,
९ जानेवारी २०२५

ती. रघुभावोजी,

माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न उघडताच चुलीत घालाल, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या कमलाबाईंकडून लिहून घेतलाय. आता उघडलंच आहे तर पुढचंही वाचा. तुम्ही नाही वाचलंत तर जाईवहिनी वाचून दाखवतील, त्यांच्यावर माझा भरवसा आहे.

फोन करून पाहिला. तुम्ही "कोण?" विचारता, मी "मालन" म्हणते, आणि तुमच्या गावची रेंज नेमकी तेव्हाच जाते. एवढी हुशार रेंज आमच्या मुंबईत पण नाही.

आईंच्या वेळचा विषय मी काढणार नाही. तुम्ही गावाहून निघाला होता, घाटात दरड पडली होती, यांनी थांबायला हवं होतं, हे थांबले नाहीत. थोरला वाटेत असताना धाकट्यानं अग्नी दिला आणि तुम्ही पोचलात ते राख बघायला. त्याला बारा वर्षं झाली. काढणार नाही म्हणता म्हणता सगळाच काढला बघा. पण मी त्यासाठी लिहीत नाही.

यांची तब्येत तशी बरी आहे. गणपतीनंतर जरासा झटका येऊन गेला. उजवी बाजू थोडी ढिली पडली आहे आणि बोलणं जरा जड झालंय. पण हे आधी तरी कुठे फार बोलायचे? डॉक्टर लकवा म्हणतात. आम्ही घरात तो शब्द वापरत नाही.

सिक्युरिटीची नोकरी अर्थातच गेली. कंत्राटदारानं दुसऱ्याच दिवशी यांच्या जागी दुसरा माणूस उभा केला, युनिफॉर्म मात्र धुऊन परत मागितला. मी मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांची देठं काढायला जाते. अर्धा दिवस काम असतं. हातांची आग होते, पण सवय झाली.

निराधार योजनेत अपंग माणसाला सरकार दर महिन्याला अनुदान देतं. त्यासाठी मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांच्या बोर्डासमोर उभं राहावं लागतं आणि माणूस किती टक्के गेला ते डॉक्टर ठरवतात. चाळीस टक्के तरी जावा लागतो. यांना चौतीस दिले, आणि त्यावर अर्ज नामंजूर झाला. डॉक्टर घाईत होते, नीट बघितलंच नाही, दुसरं काय.

पुन्हा तपासणी मागता येते. पण हे जायला तयार नाहीत. "एकदा जाऊन आलो ना" एवढंच म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करतात. माझं ऐकत नाहीत. आयुष्यात यांनी ऐकलं ते फक्त तुमचं, तेही कबड्डीच्या मैदानावर. दोन ओळी यांना लिहा. भाऊ म्हणून नको तर कॅप्टन म्हणून लिहा.

जाईवहिनींना नमस्कार सांगा.

मालन


लालबाग,
२ फेब्रुवारी

ती. भावोजी,

एसटीनं पाठवलेलं कुळथाचं पीठ आणि सुकट मिळाली. पिशवी उलटी करून झटकली, पीठ चाळून झालं, सुकटही निवडून झाली. चिठ्ठी काही निघाली नाही.

यांना पिठी करून वाढली. गावचं आहे हे सांगितलं नव्हतं, पहिल्याच घासाला ओळखलं. "कोणी पाठवलं?" विचारलं नाही, म्हणजे कोणी पाठवलं ते कळलं होतं. दोनदा मागून घेतली. तुमचा राग पिठाएवढा तरी दळला गेलाय असं मी धरून चालते.

आता मागच्या पत्रात जे गिळलं ते ओकते. डॉक्टर घाईत नव्हते. त्या डॉक्टरीणबाईंनी चांगलं बघितलं होतं. जे दाखवलं तेच त्यांनी लिहिलं.

मी पण कमी शहाणी नाही. तपासणीच्या दिवशी सकाळी यांची दाढी करून दिली, केसांना डाय लावला, पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घातला. सरकारी कामाला जायचं तर माणसानं नीटनेटकं जावं, एवढंच माझ्या डोक्यात. नवरामुलगा दाखवायला नेतात तसं मी यांना घेऊन गेले. बाकावर बसलेल्या बाकीच्या बायकांनी आपापल्या माणसांना जुनेरं घालून आणलं होतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आत गेलो तर टेबलापलीकडे तिघं बसलेले. यांनी त्या तिघांवरून एकदा नजर फिरवली. ती नजर मी ओळखते. लग्न झाल्यावर तुम्ही सगळे मला नरे पार्कात सामना बघायला घेऊन गेला होता. चढाईला निघताना हे असेच मधल्या रेषेवर थांबून समोरच्यांना बघत होते.

"काका, उजवा हात वर करा."

यांनी खांद्यातून असा काही झटका मारला की हात गेला वर. बोटं उघडली नाहीत, पण हात गेला. कपाळावरची शीर तटतटून फुगली होती. बाईंनी विचारलं, "त्रास होतोय का?" हे म्हणाले, "नाय."

"चालून दाखवा." यांनी काठी माझ्या हातात दिली आणि निघाले. समोरच्या भिंतीपर्यंत गेले, भिंतीला डावा हात लावला, वळले आणि परत आले. पाय फरपटत होता, पण मान ताठ होती. शर्टाची बटणं लावता येतात का? "लावतो." जेवता स्वतःच्या हातानं? "स्वतःच्याच." जिना चढता? "तिसरा माळा हाय. चढतो की."

भावोजी, बटणं मी लावते. भात मी भरवते. आणि त्या दिवशी चाळीतल्या चौघांनी यांना खुर्चीत बसवून तिसऱ्या माळ्यावरून उतरवलं होतं.

मग तू तोंड का उघडलं नाहीस, असं तुम्ही विचाराल. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही हे एक कारण. पण खरं कारण वेगळंच आहे. मला छान वाटलं. झटका आल्यापासून मी अंथरुणातलं एक ओझं उलथवत होते, आणि इथे माझा नवरा चालत होता. मी त्याच्याकडे बघतच राहिले. टाळ्या तेवढ्या वाजवल्या नाहीत.

घरी आल्यावर दोन दिवस झोपून होते. सगळं अंग ठणकत होतं. ते मला सांगितलं नाही, उशीच्या ओल्या अभ्र्यावरून कळलं. आणि नंतर चौतीस टक्क्यांचा कागद आला.

मी म्हटलं, "अहो, दुखतंय म्हणून सांगायचं की नाही?" तर मला काय म्हणाले सांगू? म्हणाले, "समोरच्याक दुखणा दाखवचा नाय. त्याका समाजला की तो थयच धरता." हे वाक्य कोणाचं, ते तुम्हाला सांगायला नको. बरगडी मोडलेली असताना यांनी तुमच्या टीमसाठी दोन चढाया केल्या होत्या, आणि तुम्ही यांची पाठ थोपटली होती. ती थाप अजून उतरलेली नाही.

म्हणून आता दोन ओळींनी भागणार नाही. त्यांना नीट समजावून लिहा. बोर्डात बसलेले काही समोरची टीम नव्हेत, हे तुम्ही सांगितलं तरच पटेल.

मालन


लालबाग,
२४ फेब्रुवारी

भावोजी,

सुकट पुन्हा मिळाली. सोबत कोकमंही होती. तुमच्या सुकटीनं हा माणूस हलणार नाही हो!

रागावून लिहितेय, रागावूनच वाचा. आज मला मानपान सुचत नाही.

मी कामाला जाताना यांना खोलीत ठेवून बाहेरून कडी लावते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. चाळीत सगळ्यांना माहीत आहे, पण तोंडावर कोणी बोलत नाही. जानेवारीत हे एकटेच गॅलरीतून जिन्यापर्यंत गेले होते. खाली उतरून मैदानावर जायचं होतं म्हणे. वरच्या पायरीवर तोल जाताना कमलाबाईंनी मागून बंडी धरली म्हणून वाचले. त्या दिवसापासून मी कडी लावते. आत लघवीची बाटली, एक भांडं आणि पाणी ठेवते आणि जाते. मिरच्या निवडताना माझं लक्ष त्या कडीत असतं.

परवा हे मोरीत पडले. केव्हा पडले ते सांगत नाहीत. कमलाबाईंना कसलासा आवाज आला, त्यांनी कडी काढून बघितलं. हे मोरीच्या कठड्याला डोकं टेकून पडलेले. कमलाबाईंना पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? "मालनला सांगू नका." आणि मी आल्यावर मला सांगितलं, "पडलो नाय, बसलेलो." भिजलेल्या लेंग्यानं, भुवई फुटलेली असताना मोरीत कोण बसतं?

आता हिशेब सरळ आहे. अनुदान मिळालं तर माझं अर्ध्या दिवसाचं काम पुरतं. औषधं चालू राहतात, दुपारी मी घरी असते, यांना हाताला धरून चालवते. नाही मिळालं तर दादरला एका म्हाताऱ्या जोडप्याकडे पूर्ण दिवस राहायचं काम आलंय, ते धरावं लागेल. सकाळी जायचं, दिवेलागणीनंतर यायचं. तेवढा सगळा वेळ हे त्या कडीच्या आत. एक दिवस मी येईन आणि कडी काढून बघेन, तेव्हा काय बघेन ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे.

फेरतपासणीचा अर्ज मी यांना न विचारता केला. मार्चच्या मध्यावर बोलावलंय. ऑफिसातल्या साहेबांनी चांगल्या शब्दांत सांगितलं, "मावशी, ह्या वेळीही चाळीसच्या खाली आलं तर मग माझ्या हातात काही नाही."

यांच्याशी भांडून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. मी म्हणते, एकदा, फक्त एकदा दाखवा की जमत नाही. हे म्हणतात, "कुणाक दाखवू? त्या डॉक्टर पोरीक?" काल मी यांच्या पाया पडले. खरंच पडले, जमिनीवर डोकं टेकून. यांनी घाईनं पाय मागे घेतला. डावा घेतला. उजवा तिथेच राहिला, माझ्या कपाळापाशी.

पत्र लिहू नका. या. आईंच्या वेळी दरड आडवी आली होती, आता काही आडवं नाही. तुम्ही जे शिकवलंत ते तुम्हीच पुसू शकता. हे तुमचं काम आहे, भावोजी, माझं नाही. माझ्या वाटणीचं मी सगळं केलं.

मालन


लालबाग,
३० मार्च

ती. भावोजी, आणि जाईवहिनी तुम्हीसुद्धा,

दोघांनाही डोकं टेकून नमस्कार. पाडव्याचा दिवस आहे. खिडकीबाहेर गुढी उभारली आणि आधी तुम्हाला लिहायला बसले.

अडुसष्ट टक्के लागले! दाखला हातात आहे. आता अनुदानाचा अर्ज पुन्हा जाईल, ह्या वेळी अडायचं काही कारण नाही असं साहेब म्हणाले. दादरच्या कामाला मी नाही सांगून आले. कितीतरी महिन्यांनी मी परवा दुपारी झोपले.

तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हा मी आधी गॅस बंद केला. म्हटलं, आता बारा वर्षांचं सगळं निघणार. यांनी तुमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "गाडी टायमावर इली?" तुम्ही म्हणालात, "अर्धो तास लेट." झालं, मिटलं भांडण! आम्ही बायकांनी असं भांडण मिटवलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

आता तुम्हाला एक सांगते, रागावू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी तुमची जेवणं झाल्यावर मी कमलाबाईंकडे गेले असं तुम्हाला वाटलं. मी गेलेच नव्हते, दाराबाहेर उभी होते. तुम्ही यांना काय आणि कसं समजावता ते मला ऐकायचं होतं. पण तुम्ही समजावलंच नाहीत. तुम्ही जमिनीवरच बसलेले होता आणि म्हणालात, "दौलत, माका उठय रे."

हे म्हणाले, "काय झाला?"

"ढोपरा गेली माझी. गावात जाई उठयता. कोणाक सांगूक नाय मी. तू हात दी."

मी फटीतून बघत होते. यांनी खुर्चीतून पुढे वाकून उजवाच हात पुढे केला. सवयीनं. तो अर्ध्यावर आला आणि लोंबकळत राहिला. तुम्ही तो हात धरला नाहीत, नुसते त्याच्याकडे बघत बसलात. मग हे म्हणाले, "जमणा नाय, दादा." आणि तुम्ही म्हणालात, "माका पण जमणा नाय."

मग हे रडायला लागले. आईंच्या वेळीसुद्धा मी यांना रडताना ऐकलं नव्हतं. तेव्हा मी आत आले आणि "काय हो, पान खायला जायचं नाही का?" असं काहीतरी बडबडले. दोन पैलवान, आणि उठवणारी मी! तुम्ही किती जड आहात हो.

बोर्डाच्या वेळी तुम्ही बाहेर बाकावर बसला होता. आत काय झालं ते ना तुम्ही विचारलंत, ना आम्ही सांगितलं. आता लिहिते. ह्या खेपेला एक वयस्क डॉक्टर होते. त्यांनी उजवा हात वर करायला सांगितला. हे हलले नाहीत. म्हणाले, "येत नाय."

हे दोन शब्द म्हणायला फार वेळ लागला. पण ते एकदा निघाले आणि मागून सगळंच आलं, न विचारता. बटणं ही लावते. भात सांडतो म्हणून ही भरवते. रात्री उठवत नाही म्हणून बाटली लागते. एकदा बाटली सापडली नाही. मी पडतो म्हणून ही बाहेरून कडी लावून जाते, बरोबरच करते. मी खाली मान घालून ऐकत होते. यांच्या तोंडची एवढी वाक्यं एका दमात मी लग्नापासून ऐकली नव्हती. डॉक्टर मध्ये म्हणाले, "बस काका, कळलं." तरी हे थांबेनात. बोलताना बघत होते दाराकडे. दारापलीकडे तुम्ही होता.

चालायला सांगितलं तेव्हा म्हणाले, "नको." काठीसुद्धा घेतली नाही.

मी मात्र मनात नाचत होते. प्रत्येक वाक्याला मला वाटत होतं, वाढले, आणखी वाढले. नवरा स्वतःची चामडी सोलून टेबलावर ठेवतोय आणि मी टक्के मोजतेय. पण काय करू, तेच पाहिजे होतं ना?

तुम्ही दुसऱ्या सकाळी गेलात. तेव्हापासून हे शांत आहेत. चिडचिड नाही, कडीवरून धुसफूस नाही. दमलेत बिचारे. चार दिवस विश्रांती झाली की व्यायाम पुन्हा सुरू करू. दवाखान्यातल्या मुलीनं टॉवेल ओढायचे आणि बॉल दाबायचे व्यायाम शिकवलेत, ते अजून बाकी आहेत.

तुमचे उपकार कसे फेडू? जाईवहिनी, भावोजींची ढोपरं डॉक्टरला दाखवा. लपवू देऊ नका.

मालन


लालबाग,
१४ सप्टेंबर

ती. भावोजी,

मध्ये इतके महिने लिहिलं नाही. फोनवर तुम्ही विचारत होता आणि मी "ठीक आहे" म्हणत होते, कारण हे शेजारीच असतात आणि ऐकतात. म्हणून पुन्हा पाकीट. ह्या वेळी पत्ता माझ्याच अक्षरात आहे.

अनुदान सुरू झालं. खात्यात वेळेवर येतं. औषधं चालू आहेत, मी दुपारी घरी असते. मागितलं होतं ते सगळं मिळालं, त्यात खोट काढायची सोय नाही.

कडी आता लावत नाही. गरज पडत नाही. हे उठतच नाहीत.

मी त्यांना दमलेत असं म्हणत राहिले. आधी चार दिवस म्हटलं, मग उन्हाळा संपू दे म्हटलं. टॉवेल समोर ठेवला तर त्याकडे बघत नाहीत. बॉल खाटेखाली गेलाय, तो काढायला सांगतही नाहीत. पूर्वी मी भरवायला लागले की चिडून डाव्या हातानं चमचा हिसकावायचे, दोन घास सांडायचे आणि माझ्यावरच ओरडायचे. मला त्या ओरडण्याचा वैताग यायचा. आता तोंड उघडतात, बस. गॅलरीत खुर्ची टाकते म्हटलं तर "कशाक?" विचारतात. गणपतीत मंडळाची जुनी मंडळी भेटायला आली, सामन्यांच्या गोष्टी निघाल्या. हे ऐकत होते, हसलेही. मग एकानं विचारलं, "दौल्या, हात कसा आहे?" तर हे शाळेतल्या मुलासारखे म्हणाले, "अडुसष्ट टक्के गेला."

दवाखान्यातली मुलगी घरी येऊन गेली. मला बाहेर नेऊन म्हणाली, "काकी, हात वापरला नाही तर आहे तेही जाईल. त्यांना बोलतं करा, हलतं करा." मी आत येऊन सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मालन, डॉक्टरांनी लिवलंय. त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतं?" मी म्हटलं, लिहिलंय ते त्या दिवसाचं लिहिलंय, जन्माचं नाही. तर म्हणाले, "जिंकलो ना आपण? मग आता बसू दे की."

मीच यांना असं बसवलं. पाया पडून बसवलं, तुम्हाला बोलावून बसवलं. ताठ मानेनं भिंतीपर्यंत गेलेला माणूस मला परवडत नव्हता, म्हणून मी तो मोडून घेतला. दुसरा काही रस्ता होता का? मी खूप विचार केला, मला सापडला नाही. तो रस्ता मला का शोधावा लागला याचा मात्र संताप येतो. कोणावर काढायचा तेही कळत नाही.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाही. काल एक गोष्ट झाली.

दुपारी मी यांना चहा देत होते. बशी टेबलाच्या कडेला ठेवली आणि पाण्याचा पेला माझ्या कोपराचा धक्का लागून घसरला. यांच्या उजव्या बाजूनं पडत होता. आणि भावोजी, यांचा उजवा हात गेला! खांद्यातून झटका मारून नाही, सरळ कोपरातून गेला, बोटं उघडून. पेला धरला गेला नाही, बोटांना लागून खाली पडला, पाणी सगळीकडे झालं. पण बोटं उघडली होती. मी डोळ्यांनी बघितली. यांनीही बघितली. स्वतःच्या हाताकडे बघत यांचं तोंड उघडंच राहिलं, आणि मग हे हसायला लागले. खरंखुरं, पूर्वीचं हसू.

आणि मी काय केलं? मी दाराकडे बघितलं.

दार उघडं होतं. गॅलरीतून कोणी जातंय का, कोणी बघितलं का, तेच माझ्या मनात आधी आलं. दाखला कायमचा नाही, काही वर्षांनी पुन्हा बोर्डासमोर जायचंय. आणि ऑफिसातून कोणी कधीही पाहणीला येऊन जातं असं कमलाबाई सांगतात. नवऱ्याचा हात हलला आणि मी दार बघत होते. आनंद मागून आला, भावोजी. मागून आला, पण आधी भीती आली.

गॅलरीत कोणी नव्हतं. मी वळून यांच्याकडे बघितलं तर हे माझ्याकडेच बघत होते. मी कुठे बघितलं आणि का बघितलं, ते यांना कळलं होतं. चढाईपटू होते ते, समोरच्याची नजर कुठे जाते हे त्यांना कळायचं राहत नाही. हसू थांबलं. यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, मांडीवर ठेवला, आणि त्यावर चादर ओढून घेतली. मग म्हणाले, "भिऊ नको. कोणाक दाखवचा नाय."

तेव्हापासून तो हात चादरीखालीच आहे. मी कितीदा म्हटलं, अहो दाखवा, मला तरी दाखवा. नुसती मान हलवतात.

तुम्ही या. ढोपरं दुखत असतील तर जाईवहिनींना घेऊन या, पण या. आता त्यांना काय सांगायचं ते मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नसेल. अनुदान गेलं तर जाऊ दे, असं इथे लिहायचं माझ्या मनात होतं. दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा खोडलं. ते लिहायची हिंमत माझ्यात येईल याची वाट बघू नका, या.

मालन